भुईची ओळख

देवी पायात उतरली ती भर बोहाड्यात. ती देवी नव्हती हे कळलं मोरीत.

हरी भोये सकाळी तोंड धुवायला बसला नव्हता, उभाच होता. तोंडाला साबण लागला, डोळे मिटले, आणि पायाखालची भुई कुणी सतरंजी ओढावी तशी निघून गेली. भिंतीला कपाळ आपटून तो खाली आला. मुलगी वैजू धावत आली, आधी हसली, मग तिला कपाळावरचं रक्त दिसलं.

"वारं आलं गं," हरी म्हणाला. "देवीचं."

वैजूनं त्याला बखोटीला धरून उठवलं. "बा, देवीला मोरीत कशाला यायचंय?"

हे वाक्य हरीच्या मनात कुसळासारखं राहिलं.

करंजपाडा हे जव्हारकडच्या डोंगरातलं गाव. चैत्र सरताना तिथं बोहाडा होतो. देवादिकांची आणि राक्षसांची सोंगं मुखवटे बांधून संबळाच्या तालावर नाचतात. शेवटच्या पहाटे, सूर्य डोंगराआडून वर येत असताना, देवी महिषासुराला मारते. देवीचा मुखवटा भोयांच्या घरचा. कागदाच्या लगद्याचा, मोठ्या प्रभावळीचा, माणसाची मान मोडेल इतका जड. आतून दिसतं ते नाकपुड्यांच्या भोकांतून, दोन बोटं उजेड. पाय तर दिसतच नाहीत. देवीचा नाच पायांनीच लक्षात ठेवायचा, डोळ्यांना तिथं काम नाही. हरीच्या बानं त्याला शिकवलं होतं, "भुईशी ओळख ठेव. ती सांभाळून घेते."

आणि एका बोहाड्यात ती ओळख सुटली. मुखवट्याच्या अंधारात हरीचे पाय भलतीकडेच पडू लागले. तो डुलला, झुकला, गरगरला, पडतापडता सावरला. हरी पहिला पदन्यास चुकला आणि गावानं हात जोडले. आजवर या सोंगात कधी वारं आलं नव्हतं. आता देवी स्वतः खेळायला आली! बाया तान्ही पोरं घेऊन पुढं आल्या, त्याच्या झोकांड्या खाणाऱ्या पायांवर डोकी ठेवू लागल्या. पायाला मुंग्या यायच्या, तळव्यांना कापूस बांधल्यासारखं व्हायचं. हरीनंही मानलं, इतकं हलकं दुसरं काय असणार? देवीच असणार. पुढच्या वर्षी तो जास्त डुलला आणि गर्दी जास्त झाली.

मोरीत पडल्यावर वैजूनं त्याला नाशिकला नेलं.

डॉ. अनघा सबनीस बोलायला मऊ आणि तपासायला कडक होत्या. त्यांनी हरीला उभं करून डोळे मिटायला सांगितलं आणि तो पडायच्या आत त्याला झेललं. मग फळ्यावर एक पोट काढलं, एक पाठ काढली.

"काका, ब-बारा नावाचं एक जीवनसत्त्व असतं. दुधात, अंड्यात, मासळीत. तुमच्या खाण्यात ते होतं. पण ते एकटं रक्तात शिरत नाही. पोटातून एक वाटाड्या निघतो, तो त्याचा हात धरून पुढं नेतो. तुमच्या अंगातल्या राखणदारांनी त्या वाटाड्यालाच चोर समजून मारलं. घरचीच माणसं, घरच्याच माणसावर उठली. मग जीवनसत्त्व दारातच राहिलं."

"आणि पाय?"

"मज्जारज्जूच्या मागच्या बाजूनं तारा जातात. पाय कुठं आहे, कसा टेकला, भुई ओली की कोरडी, हा सांगावा त्या तारा मेंदूला पोचवतात. त्यांच्यावर वेष्टण असतं. ब-बारा नसलं की ते झडतं आणि सांगावा वाटेत विरतो. डोळे उघडे असले की माणूस बघून बघून पाय टाकतो. डोळे मिटले, अंधार झाला..."

"किंवा मुखवटा घातला," वैजू म्हणाली.

सबनीसबाईंना मुखवट्याचं काही माहीत नव्हतं. हरीला होतं. तो फळ्यावरच्या पाठीकडं पाहत राहिला. दोन वर्षं गावानं ज्यावर डोकं ठेवलं ते हे होतं. झडलेलं वेष्टण.

मधल्या दोन वर्षांत अशक्तपणा म्हणून त्याला रक्तवाढीच्या गोळ्या मिळाल्या होत्या. त्यांनी रक्ताला रंग आला, आतली झीज झाकून गेली. इंजेक्शनं सुरू झाल्यावर झीज थांबली. पण जे गेलं होतं ते बरंचसं गेलंच. हरी काठी घेऊन, खाली बघत चालायला लागला. देवीचा मुखवटा माळ्यावर चढला आणि त्या सालचा बोहाडा देवीवाचून झाला.

*

पुढचा पावसाळा, दिवाळी सरल्यावर सबनीसबाईंचा फोन आला. नवे मोजे आले होते.

दिसायला साधे, करड्या रंगाचे. पण त्यांच्या धाग्याधाग्यात स्पर्श मोजणारे कण विणलेले. मानेच्या मागं, कातडीखाली, नाण्याएवढी, बोटानं दाबून बंद-चालू होणारी चकती बसवायची. मोज्यांनी भुईची खबर चकतीला द्यायची आणि चकतीनं मज्जारज्जूच्या वरच्या, शाबूत भागात ती पोचवायची. मधला मोडका रस्ता टाळून.

"फक्त एक अडचण आहे," बाई म्हणाल्या. "प्रत्येक घराण्याच्या मज्जारज्जूची बोली वेगळी असते. तुमची आम्ही शिकू शकत नाही, कारण तुमचा रज्जू खालून काही बोलतच नाही. म्हणून रक्ताच्या माणसाची चाल नोंदवून घ्यावी लागते. भाऊ, बहीण असेल तर उत्तम."

हरीला एकच बहीण, भागी. धाकटी. नवरा लवकर गेला, मूल झालं नाही, आणि तेव्हापासून ती गावाच्या कडेकडेनं जगली. लग्नात हळदीला तिचा हात नको, बारशात पाळण्याला नको. लहानपणी दोघं चिखलणीच्या खाचरात एकमेकांचा हात धरून चिखल तुडवायचे. तेव्हा भागी आपल्या मनानं जुळवून गायची,

भुई माझी गं मायाळू, तिला पाऊल कळतं,
अंधारात गं जाताना, तिचं बोट सापडतं.

भागी आनंदानं आली. भावासाठी चाल द्यायची म्हणून नवं लुगडं नेसून आली. तिला मोजे घातले, मानेला गार चकती चिकटवली. तंत्रज्ञानं तिच्या घोट्यावर बारीक थरथर सोडली आणि वर पडद्यावर तिची वाट पाहत राहिला. थरथर आलीच नाही. पुन्हा सोडली. सबनीसबाई खुर्चीवरून उठून आल्या.

"भागीबाई, पायाला मुंग्या येतात?"

भागी लाजून हसली. "येतात की. दिवाळीपासनं. तुम्हाला कसं कळलं?"

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"सगळ्या गावाला ठाऊक आहे." तिनं हरीकडं पाहिलं, डोळे चमकत होते. "दादाच्या अंगातनं निघाली ती माझ्याकडं आली. देवी घर सोडून जात नाही, बाई."

हरीला वाटलं, पुन्हा एकदा साबण डोळ्यात गेला आहे.

रक्त तपासलं. तिच्याही राखणदारांनी वाटाड्याला मारलं होतं. अशी चूक घराण्यात उतरते, बाई म्हणाल्या. वैजूचंही रक्त घेतलं. ते अजून स्वच्छ होतं, पण दर वर्षी बघायचं ठरलं. भागीचं दुखणं कोवळं होतं. आत्ता इंजेक्शनं घेतली तर पाय जवळजवळ पूर्ण परत येतील. उशीर केला तर हरीसारखं, किंवा त्याहून वाईट.

"आत्ता म्हणजे या महिन्यात," बाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी माझ्याकडं आलात तर मी फक्त काठी देऊ शकेन."

भागीनं मोजे काढले, घडी करून टेबलावर ठेवले. "मला नको. माझ्या पायात जे आहे ते तुमच्या यंत्राला दिसायचं नाही." आणि ती बाहेर जाऊन एस.टी.च्या फलाटावर बसली.

*

चाल द्यायला मग वैजूच उरली.

"जे तुम्हाला परत करायचं आहे तेच दात्यानं करायचं," तंत्रज्ञ म्हणाला. "काकांना काय करायचंय? चालणं, जिना..."

"नाचायचंय," हरी म्हणाला. "पण हिला तो नाच येत नाही. बाया देवीचा नाच नाचत नाहीत आमच्यात."

वैजूनं मोजे चढवले, पदर खोचला. प्रयोगशाळेच्या फरशीवर तिनं देवीची पहिली चाल टाकली. टाच, चवडा, घसट, फिरकी. हरीच्या मानेत तेव्हा चकती बसलेली होती आणि वैजूच्या मोज्यांची खबर त्याच्यापर्यंत सोडलेली होती. त्यानं डोळे मिटले होते. आधी काहीच नाही. मग तळव्यातला कापूस ओला झाल्यासारखा झाला, विरला, आणि खाली गार, कडक, खरीखुरी फरशी लागली. किती दिवसांनी! पाय कुठं संपतो आणि भुई कुठं सुरू होते ती रेघ लागली. तो बसूनच होता आणि त्याचे पाय नाचत होते.

नाच कच्चा नव्हता. वर्षानुवर्षं मुरलेला होता. हरीच्या बाच्या पायातली जी लकब त्याला स्वतःला कधी जमली नाही तीही त्यात होती.

"कुठं शिकलीस?"

वैजू धापा टाकत थांबली. "तुम्ही मुखवट्यात असता तेव्हा मागं कोण नाचतंय ते तुम्हाला कुठं दिसतं, बा?"

तो रडला. बाईंनी यंत्राचा आकडा नीट आला असं सांगून खोलीबाहेर जायचं निमित्त काढलं.

घरी येताना तो एस.टी.तून उतरला आणि काठी सीटखाली विसरला. पाऊलवाटेवरचे खडे त्याच्या तळव्यांशी बोलत होते, पण बोलण्याची ढब वैजूची होती. डाव्या पायावर किंचित जास्त भार, वळताना आधी अंगठा. लेकीच्या पायांनी तो आपल्या गावात शिरला.

*

गावाला बरं वाटलं नाही.

रामा कारभारी बोहाड्याचं सगळं बघायचा. हरीचा बालमित्र, तोंडाचा फटकळ. तो ओटीवर येऊन बसला आणि हरीच्या करड्या मोज्यांकडं मेलेल्या सापाकडं पाहावं तसं पाहू लागला.

"हऱ्या, देवी नाचवणार ना औंदा?"

"नाचवणार."

"हे घालून?"

"हे घातल्याशिवाय मी उभा राहत नाही, रामा."

"उभा राहायला कोण सांगतंय? तू डुलायचास म्हणून तर तीन तालुक्यांतनं माणूस यायचं. दोरीवर चालल्यासारखा सरळ नाचलास तर लोक म्हणतील, देवी गेली. ते मोजे काढ. पडलास तर आम्ही धरू."

"ती देवी नव्हती. दुखणं होतं."

रामानं चुन्याची डबी उघडली, मिटली. "माझ्या नातवाचा ताप तुझ्या पायाशी उतरला होता," तो म्हणाला. "ते काय दुखण्यानं उतरवला?"

रामा डबी खिशात टाकून निघून गेला.

मग हरी भागीकडं गेला. तिच्या झोपडीपुढं अंगण सारवलेलं, चार बाया बसलेल्या. भागी मधे पाटावर, गळ्यात झेंडूची माळ. पाण्याचा तांब्या घ्यायला उठली तर भेलकांडली, आणि बायांनी हात जोडले. आता लोक तिला आई म्हणत. हरीला पाहून बाया उठून गेल्या.

"भागे, गाडी सोमवारी येते दवाखान्याची. वैजू येईल सोबत."

"परत तेच."

"तुझे पाय जातील गं."

"जाऊ देत." ती पाटावर हात फिरवत राहिली. "दादा, हा पाट बघ. तुझ्या लग्नात मी मागल्या दारी उभी होते. वैजूच्या बारशाला तू मला बोलावलंस आणि वहिनीनं मला चुलीपाशी बसवलं, आठवतं? मला उभ्या जन्मात पहिल्यांदा कुणी बसायला पाट दिला. आणि तू म्हणतोस, सुई टोचून घे, ऊठ त्याच्यावरनं."

"मी तसं नाही..."

"तुला दोन वर्षं मिळालं. माझं आत्ता कुठं सुरू झालंय. तुझ्या अंगातली गेली म्हणून माझ्या अंगातली खोटी का?"

हरी तिथून निघाला. आपल्या झोकांड्यांनी तिला हे शिकवलं होतं. गावानं त्याच्या पायांवर डोकं ठेवलं तेव्हा त्यानं पाय मागं घेतले नव्हते. त्याच्या बोलण्यावर तिचा विश्वास बसणार नव्हता. पायांवरच तिचा विश्वास होता.

बोहाड्याच्या आदल्या संध्याकाळी त्यानं वैजूला मुखवटा पुसताना सांगितलं, तो काय करणार आहे ते.

वैजूच्या हातातलं फडकं थांबलं. "पडाल, बा. चकती बंद केली की मुखवट्यासकट पडाल. देवी भुईला लागली तर गाव तुम्हाला पुन्हा हा मुखवटा देणार नाही."

"नाही देणार."

"आणि आत्या? सगळ्यांसमोर?"

"एकटीला सांगून बघितलं ना," हरी म्हणाला. "डुलणं ती सगळ्यांसमोर शिकली."

*

तांबडं फुटलं तेव्हा महिषासुर दमून एका बाजूला उभा होता आणि संबळवाल्यांनी देवीची चाल धरली. माळावर माणूस मावत नव्हतं. पहिल्या रांगेत पाटावर भागी.

हरी मुखवट्यात शिरला. दोन बोटं उजेड. पायाखाली माळाची भुई होती, दवानं ओलसर, मधूनच खडा, मधूनच गवताची मुळं. त्यानं देवीची चाल धरली. टाच, चवडा, घसट, फिरकी. त्याच्या जन्मात तो इतका नेमका कधी नाचला नव्हता. तलवार जिथं थांबायची तिथंच थांबत होती. पण माळ गप्प होता. कुणी हात जोडले नाहीत. कुणीतरी म्हणालं, "गेली." कुणीतरी पोराला कडेवर घेऊन घराकडं वळलंही.

सोंगानं बोलायचं नसतं. हरी नाचत नाचत भागीसमोर आला आणि त्यानं डाव्या हाताचं बोट मानेमागं नेलं.

भुई गेली.

तो डुलला. माळ खडबडून जागा झाला. "आली! आली गं बाय!" संबळ चढला, बाया पोरं घेऊन पुढं धावल्या, एकीनं त्याच्या पावलावर कपाळ टेकलं. ते कपाळ त्याला जाणवलंच नाही. त्यानं पुन्हा बोट मानेवर नेलं.

भुई आली. तो खांबासारखा उभा राहिला. आता पावलावरचं कपाळ ऊन ऊन लागलं.

बाया थबकल्या. त्यानं सगळ्यांना दिसेल असा हात उंच केला, सावकाश मानेमागं नेला आणि दाबलं. डुलला. दाबलं. थांबला. संबळवाल्याचा ताल चुकला. पुन्हा हात उंच, पुन्हा मानेमागं. या वेळी कुणी "आली" म्हणालं नाही. माळावरची माणसं त्याच्या पायांकडं बघायची सोडून त्याच्या बोटाकडं बघू लागली होती.

रामा कारभारी गर्दीतून ओरडला, "बास कर, हऱ्या!" आवाज रागाचा नव्हता. विनवणीचा होता.

हरीनं शेवटचं दाबलं आणि हात खाली सोडून दिला. आता सावरायचं नव्हतं. मुखवट्याच्या वजनानं त्याला पुढं ओढलं. पाय कुठं आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं, भुई कुठं आहे ते तिनं आपटल्यावर कळलं. प्रभावळ कडकन मोडली. सोनेरी कागदाचे तुकडे गवतात उडाले.

देवी भुईला लागली. माळावर एकच आवाज उठला आणि सगळ्या बायांनी अपशकुन बघू नये म्हणून डोळ्यांवर हात घेतले. भागी "दादा!" म्हणून पाटावरून उठली होती. तिनंही हात डोळ्यांवर घेतले.

आणि ती पडली.

संबळ बंद होता. देवीला कुणी हाक मारली नव्हती, कुणी ओवाळलं नव्हतं. आजूबाजूच्या साऱ्या बाया डोळे झाकून सरळ उभ्या होत्या, त्यांतली एकटी भागी कापलेल्या भाताच्या पेंढीसारखी आडवी झाली.

वैजूनं बाच्या डोक्याचा फेटा सोडवला, मुखवटा काढला. हरीच्या ओठातून रक्त येत होतं. त्यानं मान वळवली तर हातभर अंतरावर बहिणीचं तोंड होतं, मातीनं माखलेलं, चिखलणीच्या खाचरात असायचं तसं. ती त्याच्याकडं बघत नव्हती. आपल्या दोन्ही तळहातांकडं बघत होती.

"दादा," ती इतकी हळू म्हणाली की ते त्याला एकट्यालाच ऐकू आलं, "मी नुसते डोळे झाकले रे."

हरीनं सरपटत जाऊन तिचा हात धरला. माणसं दूर गोल करून उभी होती. कुणी पुढं येत नव्हतं. मग रामा कारभारी आला. त्यानं मोडक्या प्रभावळीचा एक तुकडा उचलला, कपाळाला लावला, खिशात ठेवला. मग भागीचा पाट उचलून आणला आणि तिच्या शेजारी गवतात ठेवला.

"बस, भागे," तो म्हणाला. "कमरेत लागलं असंल."

ती बसली. उन्हं आता तिच्या पावलांवर आली होती. ती वाकून त्यांना हातानं चाचपत राहिली, दुसऱ्या कुणाची असावीत तशी.

"वैजे," तिनं विचारलं, "सोमवारची गाडी पाड्यावर थांबते की वर सडकेला?"

"सडकेला, आत्या."

"मग चालावं लागंल."

"मी आहे ना."

भागीनं मान हलवली. हरीनं बोट मानेमागं नेलं आणि चकती दाबली. त्याच्या तळव्याखाली भुई परत आली, ओली, उबदार, लेकीच्या चालीची. त्यानं एका हातानं वैजूला धरलं, दुसऱ्यानं बहिणीला, आणि तिघं उठायला लागली.